वजाबाकी करण्यापूर्वी छेद पाहावा

रामबाग, इंदूर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली प्रबंधाची पाने परवा रात्री एका बैठकीत वाचून काढली. अमेरिकेतील रात्री उशिराच्या, राजकीय विनोद आणि गप्पांच्या टीव्ही कार्यक्रमांच्या प्रेक्षकसंख्येवर इंदुरात बसून कोणी का लिहावे, अशी शंका तुझ्या विभागात कोणी तरी काढली, असे तुझ्या पत्रात आहे. मला ती शंका पटत नाही. आपल्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपीत फेरफार केल्याचे आरोप झाले आणि टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेने वृत्तवाहिन्यांची स्वतंत्र रेटिंग्ज देणे थांबवले. मार्च २०२२ मध्ये ती पुन्हा मिळू लागली, तेव्हा चार आठवड्यांच्या फिरत्या सरासरीच्या रूपात मिळू लागली. त्यामुळे अमुक रात्रीची अमुक चर्चा किती जणांनी पाहिली, हे बाहेरच्या अभ्यासकाला आता सहज कळत नाही. तिकडे निल्सन या मापन कंपनीचे आकडे जवळजवळ रोज छापले जातात, आणि ज्याला आकडे वाचायला शिकायचे आहे त्याने जिथे ते मुबलक आहेत तिथे जावे, हे मला रास्त वाटते.

माझी तक्रार विषयाबद्दल नाही, अकराव्या पानावरच्या तक्त्याबद्दल आहे. २०२५ सालच्या एप्रिल ते जून या तिमाहीची सरासरी प्रेक्षकसंख्या तू त्यात सूत्रसंचालकांच्या नावाने मांडली आहेस: फॉक्स न्यूजवरील ग्रेग गटफेल्ड तीस लाखांच्या आसपास, सीबीएसवरील स्टीव्हन कोल्बेर सुमारे चोवीस लाख, एबीसीवरील जिमी किमेल सुमारे अठरा लाख, एनबीसीवरील जिमी फॅलन सुमारे बारा लाख. आकडे बरोबर आहेत. पण पुढे ‘विजेता’ नावाचा एक रकाना आहे आणि त्यात गटफेल्ड यांचे नाव लिहून तू पुढच्या प्रकरणाकडे वळण्याची घाई केली आहेस. शाळेत अपूर्णांकांची वजाबाकी शिकवताना गुरुजी आधी छेद सारखे करायला लावत. इथे गटफेल्ड यांच्या आणि बाकी तिघांच्या आकड्यांचे छेद, म्हणजे त्या वेळी तो कार्यक्रम पाहू शकणारी एकूण माणसे, निरनिराळे आहेत आणि तू नुसत्या अंशांची वजाबाकी केली आहेस.

सर्वांत आधी वेळ पाहा. गटफेल्ड यांचा कार्यक्रम एप्रिल २०२१ मध्ये सोमवार ते शुक्रवार असा सुरू झाला, तेव्हा तो न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे रात्री अकराला लागत असे. जुलै २०२३ पासून तो दहाला लागतो. बाकीचे तिघे त्या तिमाहीत अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी सुरू होत. हा दीड तासाचा फरक तुझ्या तक्त्यात कुठेच नाही. शिवाय फॉक्स न्यूजचे प्रक्षेपण देशभर एकाच क्षणी जाते, म्हणजे न्यूयॉर्कला दहा वाजतात तेव्हा शिकागोत नऊ आणि लॉस एंजेलिसमध्ये सात वाजलेले असतात. याउलट सीबीएस, एबीसी, एनबीसी या मोठ्या प्रसारण जाळ्यांचे कार्यक्रम पश्चिम किनाऱ्यावर तिथल्या घड्याळाप्रमाणे पुन्हा अकरा पस्तीसलाच दाखवले जातात. म्हणजे लॉस एंजेलिसचा एक प्रेक्षक गटफेल्ड यांना जेवणाच्या वेळी पाहत असे आणि कोल्बेर यांना झोपेच्या वेळी. तू याला ‘उशिरा रात्रीची स्पर्धा’ म्हटले आहेस. त्या शहरापुरते तरी ते नाव लागू पडत नाही.

आपल्याच गावातले उदाहरण देतो. छप्पन दुकानवर रात्री आठला उभे राहून माणसे मोजली, सराफ्यात रात्री साडेबाराला उभे राहून मोजली, आणि छप्पनवर गर्दी जास्त म्हणून तिथला खाऊ सरस, असे कोणी सांगू लागले तर तू हसशील. सोन्याचांदीची दुकाने बंद झाल्याशिवाय सराफ्यातले ठेले लागतच नाहीत, हे इंदुरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. रात्री साडेबाराला जागे राहून भुट्ट्याचा कीस खाणारा माणूस आणि संध्याकाळी घरच्यांना घेऊन बाहेर पडलेला माणूस हे दोन निराळे समूह आहेत, आणि मुख्य म्हणजे त्या वेळी एकूण माणसेच किती बाहेर असतात, हा प्रश्न आधी येतो.

याच प्रश्नासाठी या धंद्यात रेटिंग आणि शेअर असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि तुझ्या लेखनात ते एकमेकांच्या जागी आले आहेत. टीव्ही असलेल्या सर्व घरांपैकी किती टक्के घरांत कार्यक्रम लागला होता, ते रेटिंग. आणि त्या वेळी टीव्ही चालू असलेल्या घरांपैकी किती टक्के घरांत तो लागला होता, ते शेअर. अमेरिकेत टीव्ही असलेली घरे सुमारे साडेबारा कोटी आहेत, म्हणून एक रेटिंग म्हणजे सुमारे साडेबारा लाख घरे. एक शेअर म्हणजे किती घरे, हे मात्र घड्याळ पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. निरनिराळ्या वेळच्या कार्यक्रमांची तुलना करणे भागच असेल तर शेअर हे त्यातल्या त्यात कमी फसवे माप आहे.

वेळेची दुरुस्ती गटफेल्ड यांच्या विरोधात जाते म्हणून तू आता कोल्बेर यांना विजेता करशील, तर तेही थांब. सीबीएस, एबीसी आणि एनबीसी साध्या अँटेनावर फुकट दिसतात. फॉक्स न्यूज मात्र केबल, डिश किंवा तशाच पैसे भरून घेतलेल्या जोडणीवरच दिसते, आणि तिकडे अशा जोडण्या वर्षानुवर्षे घटत आहेत. म्हणजे गटफेल्ड यांचे तीस लाख लहान छेदातून आले आहेत आणि ही दुरुस्ती त्यांच्या बाजूने जाते. दोन दुरुस्त्या विरुद्ध दिशांना ओढतात, हीच या तुलनेतली खरी रंजक गोष्ट आहे. त्यावर तू दोन पाने लिहिलीस तरी मला जास्त वाटणार नाहीत.

आता वयोगटाकडे येतो, कारण तिथे तू एक वाक्य असे लिहिले आहेस की ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. अठरा ते एकोणपन्नास या वयोगटात त्या तिमाहीत किमेल यांनी कोल्बेर यांना ‘मागे टाकले’, असे ते वाक्य आहे. दोघेही दोन लाख वीस हजारांच्या आसपास होते आणि किमेल यांचा आकडा किंचित वरचा होता, एवढे खरे. हा आकडा कसा तयार होतो ते पाहू. अमेरिकेत या वयाची माणसे ढोबळमानाने तेरा कोटी आहेत, म्हणजे साधारण सहाशेंत एक जण तो कार्यक्रम पाहत होता. निल्सनच्या पॅनेलमध्ये, म्हणजे मोजणीसाठी मीटर बसवलेल्या निवडक घरांच्या गटात, सुमारे बेचाळीस हजार घरे आणि त्यांत सुमारे एक लाख माणसे. त्यांपैकी चाळीस हजार या वयोगटातली आहेत असे आपण हिशेबापुरते धरू. चाळीस हजारांना सहाशेंनी भागले तर सदुसष्ट येतात. सारा देश ज्यावर चर्चा करतो ती स्पर्धा त्या रात्री मीटर बसवलेल्या घरांतील साठ-सत्तर माणसांवर उभी असते. त्यांतल्या दोघांना सर्दी झाली आणि ती लवकर झोपली, तर रात्रीचा ‘विजेता’ बदलू शकतो. दोन कार्यक्रमांमध्ये हजारभर प्रेक्षकांचा फरक म्हणजे पॅनेलमधल्या एका माणसाचाही फरक नव्हे.

यावर तू म्हणशील की तिमाहीत साठेक रात्री असतात, मग साठ रात्रींची सरासरी भरवशाची नाही का? काही प्रमाणात आहे, पण वाटते तितकी नाही. रोज नवी माणसे निवडली जात नाहीत. पॅनेलमधली घरे तीच राहतात आणि ज्याला कोल्बेर आवडतो तो सोमवारीही तोच लावतो आणि गुरुवारीही. एकाच माणसाला साठ वेळा विचारल्याने साठ माणसांची मते मिळत नाहीत. संख्याशास्त्राच्या कोणत्याही शिक्षकाकडून हा मुद्दा नीट समजून घे, कारण बाकी सारे विसरले तरी चालेल, पण तोंडी परीक्षेत हे विचारले जाण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते.

माझ्या हातून घडलेली एक चूक इथे सांगतो. बार्कच्या आधी टॅम या संस्थेचे आकडे चालत होते त्या काळात मी एका जाहिरात संस्थेत प्रसारणाचा वेळ निवडून देण्याचे काम करत असे. आपल्याच गावातल्या एका शेव-नमकीनच्या कारखानदारासाठी दोन वाहिन्यांवरच्या रात्रीच्या राजकीय चर्चांची तुलना करायची होती. एका वाहिनीने पाठवलेल्या कागदावर ‘रीच’ होता, म्हणजे कार्यक्रमाला निदान क्षणभर तरी शिवून गेलेल्या सगळ्या माणसांची संख्या, आणि दुसरीच्या कागदावर दर मिनिटाची सरासरी प्रेक्षकसंख्या होती. मी दोन्ही शेजारी मांडले आणि जिचा आकडा तिप्पट दिसला तिला सगळा दिवाळीचा पैसा दिला. रिमोट हातात घेऊन वाहिन्या बदलत जाणारा माणूसही रीचमध्ये मोजला जातो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. कागदाच्या तळाची बारीक अक्षरातली ओळ मी वाचली नव्हती. कारखानदार सज्जन होता, त्याने पुढच्या वर्षीही काम दिले, पण आकड्यांचा कागद तेव्हापासून मी खालून वर वाचतो.

त्या तळाच्या ओळीत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे किती दिवसांचे पाहणे मोजले आहे. त्याच रात्री पाहणाऱ्यांची संख्या वेगळी आणि रेकॉर्ड करून सात दिवसांत पाहणाऱ्यांना धरून होणारी संख्या वेगळी. सप्टेंबर २०२५ पासून तर निल्सनने पॅनेलच्या जोडीला सेट-टॉप बॉक्स आणि स्मार्ट टीव्हीमधून येणारी प्रचंड माहिती धरून आकडे द्यायला सुरुवात केली. म्हणून तुझ्या सहाव्या प्रकरणातला २०२१ ते २०२५ हा आलेख एका सलग रेषेने काढू नकोस. जिथे मोजपट्टी बदलली तिथे रेषा तोड आणि खाली कारण लिही. वाहिन्या स्वतःही सरासरी राखण्यासाठी काय काय करतात ते पाहण्यासारखे आहे: कमी प्रेक्षक अपेक्षित असलेल्या दिवशी संध्याकाळच्या बातमीपत्राच्या नावाचे स्पेलिंग मुद्दाम चुकीचे नोंदवायचे, म्हणजे तो दिवस वेगळा कार्यक्रम म्हणून मोजला जातो आणि सरासरीतून गळतो, ही क्लृप्ती २०१७ मध्ये वृत्तपत्रांत गाजली होती. आपल्याकडचे चतुर लोक यावर काय म्हणतील ते मी लिहीत नाही.

किमेल यांच्या पुनरागमनाचा प्रसंग तू दोन ओळींत उरकला आहेस. त्याला मात्र जागा दे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी एबीसीने त्यांचा कार्यक्रम थांबवला आणि २३ तारखेला तो परत आला. त्या रात्री सुमारे बासष्ट लाख साठ हजार प्रेक्षक मोजले गेले, म्हणजे नेहमीच्या तिप्पटीहून जास्त. हे घडले तेव्हा एबीसीचे कार्यक्रम गावोगावी दाखवणाऱ्या, नेक्सस्टार आणि सिंक्लेअर या कंपन्यांच्या स्थानिक केंद्रांनी कार्यक्रम दाखवायला नकार दिलेला होता, आणि देशातल्या सुमारे तेवीस टक्के घरांपर्यंत तो पोहोचतच नव्हता. अंश इतका वाढला, तोही छेद आकसलेला असताना. शिवाय त्यांचे सुरुवातीचे भाषण यूट्यूबवर एका दिवसात एक कोटीहून अधिक वेळा पाहिले गेले. ती कोटी मात्र या बासष्ट लाखांत मिळवू नकोस. यूट्यूबवरचे ‘पाहणे’ आणि निल्सनची दर मिनिटाची सरासरी ही दोन वेगळी मापे आहेत, शेर आणि गज यांच्यासारखी. दोन्ही लिही, पण वेगवेगळ्या रकान्यांत.

शेवटचे प्रकरण कोल्बेर यांच्यावर आहे आणि त्यात तुझा सूर थोडा चढला आहे. अकरा पस्तीसच्या वेळेत ते तिघांमध्ये पुढे होते, तरीही जुलै २०२५ मध्ये सीबीएसने मे २०२६ मध्ये कार्यक्रम संपवण्याची घोषणा केली. यावरून कारण निव्वळ राजकीयच असले पाहिजे, असा निष्कर्ष तू काढला आहेस. सीबीएसने कारण आर्थिक असल्याचे सांगितले, कार्यक्रमाला वर्षाला सुमारे चार कोटी डॉलरचा तोटा होत असल्याच्या बातम्या आल्या, आणि प्रसारण जाळ्यांच्या उशिरा रात्रीच्या कार्यक्रमांना मिळणारे जाहिरातींचे उत्पन्न २०१८ मधल्या सुमारे ४४ कोटी डॉलरवरून २०२४ मध्ये सुमारे २२ कोटींवर आले होते. दुसऱ्या बाजूला, मूळ कंपनीचे विलीनीकरण तेव्हा सरकारच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत होते आणि कोल्बेर यांनी त्याच कंपनीने ट्रम्प यांनी लावलेल्या दाव्यात त्यांच्याशी केलेल्या तडजोडीवर काही दिवस आधीच जाहीर टीका केली होती, हेही खरे आहे. तुझ्या मनातला संशय खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण तो खरा की खोटा हे प्रेक्षकसंख्येच्या तक्त्यावरून ठरवता येत नाही. शर्यतीत पहिला आलेला घोडाही त्याच्या खुराकाचा खर्च परवडत नाही म्हणून विकला जाऊ शकतो, आणि मालकाचे कोणाशी तरी बिनसले म्हणूनही विकला जाऊ शकतो. धावण्याच्या वेळेत दोन्हींपैकी काहीच नोंदलेले नसते. दोन्ही बाजू मांड आणि तुझा कल कुठे आहे ते स्वतःच्या नावाने, वेगळ्या परिच्छेदात लिही.

तक्ता नव्याने करताना ‘विजेता’ हा रकाना खोड. त्याच्या जागी चार रकाने घाल: कुठल्या घड्याळाप्रमाणे किती वाजता, किती घरांपर्यंत पोहोचणारी वाहिनी, कोणत्या वयाची माणसे, आणि किती दिवसांचे पाहणे धरून. एखाद्या चौकटीत माहिती मिळाली नाही तर ती रिकामी ठेव, अंदाजाने भरू नकोस. माझ्यासारखा परीक्षक रिकाम्या चौकटीवर गुण कापत नाही.

नवी पाने घेऊन येत्या रविवारी ये. काकू घरीच आहे. काम आटोपल्यावर सराफ्यात जायचे असेल तर साडेनऊनंतर निघू, त्याआधी तिथे शटर बंद होण्याची वाट पाहत उभे राहावे लागते.

तुझा,
काका