'सिस्टिम्स थिंकिंग'साठी 'व्यवस्थाविचार'

प्रश्न असा आहे: सामाजिक प्रश्नांवर उत्पादनं घडवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मराठी पुस्तिका तयार होते आहे. तिच्यात 'सिस्टिम्स थिंकिंग'ला, म्हणजे एखादी गोष्ट सुटी न बघता तिच्या सगळ्या भागांचं एकमेकांशी असलेलं नातं धरून विचार करण्याला, 'प्रणालीविचार' म्हणावं, 'यंत्रणाविचार' म्हणावं की 'समग्र विचार'?

मी 'व्यवस्थाविचार' सुचवेन. 'प्रणाली' म्हटलं की आज संगणक तरी आठवतो, नाहीतर संसदीय प्रणाली. 'यंत्रणा' सज्ज होते, कोलमडते, पण ती कायम सरकारची. गावकरी तिच्यात धरलेला नसतो. 'समग्र'मध्ये चूक काही नाही, फक्त तो शब्द फार ढोबळ आहे. 'सांगोपांग विचार' हा आपला जुना, चांगला प्रयोग. त्यात अंगं-उपांगं येतात, पण एका अंगाचं दुसऱ्याशी काय नातं आहे ते येत नाही. 'व्यवस्था' या शब्दाला मात्र 'कोण बघतं?' हा प्रश्न चिकटूनच येतो. लग्नात जेवणाची व्यवस्था म्हटली की आचारी, किराणा, पैसे, वाढपी आणि पंगतीची वेळ हे सगळं त्यात आलंच.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मला हापशाचं वाटतं. गावागावांत पूर्वी बसवलेले बिडाचे हापसे मुळात एका कुटुंबापुरते होते. अख्खं गाव दिवसभर हापसायला लागल्यावर ते मोडणारच. 1970च्या दशकात जालना पंप, त्यावरून सोलापूर पंप आणि मग युनिसेफच्या पुढाकाराने 'इंडिया मार्क टू' अशी सुधारणा होत गेली. पंप दणकट झाला. सोबत देखभालीची त्रिस्तरीय रचना आखली गेली: गावात हापशावर लक्ष ठेवणारा माणूस, तालुक्याला मेकॅनिक, जिल्ह्याला गाडीसह पथक.

तरी एक अडचण उरली, आणि विद्यार्थ्यांना नेमकी तीच दाखवावी. खाली सिलिंडरमधला वायसर झिजला, तर मार्क टूमध्ये सगळा पाइप वर ओढावा लागतो. म्हणजे जरा वायसर गेला की पथकाची वाट बघणं आलं. 'मार्क थ्री'त उभा पाइप अडीच इंची केला, त्यामुळे पाइप जागेवर ठेवून दट्ट्या त्यातूनच वर काढता येतो. पाइपाचा व्यास वाढवला आणि दुरुस्ती जिल्ह्याच्या पथकाकडून गावाकडे सरकली. वस्तूच्या मापात केलेला बदल माणसांच्या कामाची वाटणी बदलतो, ही गोष्ट 'प्रणाली' शब्दाने मनात उभी राहत नाही.

उलट उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या 'प्लेपंप'चं. मुलांनी चक्रावर खेळायचं, त्या फिरण्याने पाणी टाकीत चढायचं, टाकीवरच्या जाहिरातींतून देखभालीचा खर्च निघायचा. कल्पना गोड, आणि 2006 साली अमेरिकेत तिच्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलरची मदत जाहीर झाली. पण घराला पाणी हवं असतं तेव्हा मुलं खेळायला असतातच असं नाही. बऱ्याच ठिकाणी बायकांनाच ते जड चक्र ढकलावं लागलं. आडगावी जाहिरात देणार कोण, हाही प्रश्न होताच. चक्र, टाकी, पंप ही अंगं सांगोपांग जमली होती. पाण्याची व्यवस्था जमली नव्हती.

आता वापराबद्दल. शीर्षकात 'व्यवस्थाविचार' असा जोडशब्द ठेवा, मजकुरात मात्र 'व्यवस्था धरून विचार करणे' असं मोकळं लिहा. सारखा जोडशब्द आला की वाक्य कोरडं पडतं. 'फीडबॅक लूप'ला 'प्रत्याभरण-वलय' असं जड काही करू नका. हापसा बंद, म्हणून पाणीपट्टी थकते, म्हणून दुरुस्तीला पैसा नाही, म्हणून हापसा बंदच: याला मराठीत 'दुष्टचक्र' म्हणतात आणि ते कुणालाही कळतं. 'उत्पादन' या शब्दाला कारखान्याचा वास येतो, त्याऐवजी 'साधन' बरं. धड्याचं नाव 'साधन घडवताना व्यवस्थाविचार' असं देता येईल.