प्रभारांमधलं बल : आधी आकृती, मग सूत्र

प्रश्न : प्रभार +२ आणि −३ मायक्रोकुलोम, अंतर ३० सेंमी. माझं बल पुस्तकातल्या उत्तराच्या दहा हजार पटींनी लहान येतं, वर उणे येतं. (अकरावी विज्ञान, मिरज)

वहीच्या पानाचा फोटो पाठवलास ते बरं केलंस, चूक लगेच सापडली. कूलोमचा नियम असा : बल म्हणजे स्थिरांक गुणिले दोन्ही प्रभार, भागिले अंतराचा वर्ग. छेदात तू ३० चा वर्ग ९०० लिहिला आहेस. कूलोमच्या नियमातला स्थिरांक, ९ गुणिले दहाचा नववा घात, मीटर आणि कुलोमसाठीच आहे. त्यामुळे छेदात ०.३ चा वर्ग, ०.०९ हवा. मायक्रो म्हणजे दहाचा उणे सहावा घात, असे दोन घात धरून अंश येतो ०.०५४. भागाकार ०.६ न्यूटन. म्हणजे साधारण ६० ग्रॅमचं वजन तळहातावर ठेवल्यावर जाणवेल तेवढं बल.

चिन्हं सूत्रात घालूच नकोस. नुसतं परिमाण काढ आणि दिशा आकृतीवरून ठरव. इथे प्रभार विजातीय आहेत, म्हणून दोन्ही बाण एकमेकांकडे.

प्रश्न : १० सेंमी बाजूच्या समभुज त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंवर १ मायक्रोकुलोमचे धन प्रभार आहेत. एका प्रभारावर ०.९ अधिक ०.९ म्हणजे १.८ न्यूटन का नाही? (जेईईची तयारी, विटा)

कारण दोन्ही बलं एका रेषेत नाहीत. प्रत्येक बल ०.९ न्यूटन हे तू बरोबर काढलंस. आता त्या शिरोबिंदूवर दोन्ही बाण काढून बघ, त्यांच्यात ६० अंशांचा कोन दिसेल. परिणामी बल ०.९ च्या वर्गमूळ तीन पट, म्हणजे १.५६ न्यूटन, दिशा त्रिकोणाच्या बाहेर. माझ्या वर्गात या गणितात गुण जातात ते जवळजवळ नेहमी बाण न काढल्यामुळे.

प्रश्न : कंगवा आणि कागदाचे कपटे घेऊन प्रयोग दाखवते, पण पावसाळ्यात तो फसतो. (शिक्षिका, इस्लामपूर)

बाई, दोष तुमचा नाही. दमट दिवसांत कंगव्यावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून निसटतो. १७८५ च्या सुमाराला खुद्द कूलोमलाही या गळतीचा हिशेब ठेवावा लागला होता. कंगवा आणि कपटे इस्त्रीजवळ धरून कोरडे करा आणि लगेच प्रयोग घ्या.

प्रश्न : द्राक्षबागेत इलेक्ट्रोस्टॅटिक (थेंबांना विद्युत प्रभार देणारं) फवारणी यंत्र वापरतो. बलासाठी दोन प्रभार लागतात म्हणे. थेंबावर आहे, पण पानावर कुठून येतो? (बागायतदार, तासगाव)

हा प्रश्न मला फार आवडला. पानात ओल असते आणि वेल मुळांमधून जमिनीशी जोडलेली असते. ऋण प्रभाराचा थेंब जवळ आला की पानाच्या पृष्ठभागावरचा ऋण प्रभार जमिनीकडे सरकतो आणि थेंबासमोर धन प्रभार उरतो. याला प्रवर्तन म्हणतात. हिशेबासाठी पानाला सपाट आरसा समजा. थेंब पानापुढे जितका, तितकीच त्याची विजातीय प्रतिमा पानामागे. म्हणून सूत्रात अंतर दुप्पट घ्यायचं.

समजा थेंबाचा व्यास ५० मायक्रॉन आणि त्यावर ०.०६५ पिकोकुलोम (पिको म्हणजे दहाचा उणे बारावा घात) प्रभार आहे. पानापासून १ मिमीवर ही ओढ थेंबाच्या वजनाच्या सत्तराव्या भागाइतकीही जेमतेम भरते. तोच थेंब ०.१ मिमीवर आला की अंतर दहापट कमी, ओढ शंभरपट, म्हणजे वजनाच्या जवळपास दीडपट! पानाच्या खालच्या बाजूच्या अगदी जवळ आलेला थेंब वजनाला न जुमानता वर पानाकडे ओढला जातो तो यामुळे.

तिथपर्यंत थेंब पोहोचवतात ते मुख्यतः यंत्राची हवा आणि थेंबांमधलं आपापसातलं प्रतिकर्षण. सगळे थेंब सजातीय असल्याने ते एकमेकांना दूर ढकलत पसरतात. त्यामुळे दाट पानोळ्यात हवाच आत शिरत नसेल, तर नुसत्या प्रभाराच्या भरवशावर राहू नका. आधी फांद्यांची विरळणी करा.