घायपाताचा वाख घातला तर ट्रे टिकेल का?

प्रश्न : आमची डाळिंबाच्या रोपांची नर्सरी आहे. मक्यापासून केलेल्या ‘पीएलए’ प्लास्टिकचे ट्रे घेतले, पण ते पडले की तडकतात आणि उन्हात वाकतात. बांधावर घायपात रग्गड आहे. त्याच्या पानांचा वाख, म्हणजे धागे, प्लास्टिकमध्ये घातला तर ट्रे मजबूत होतील का?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : वाकणं नक्की कमी होईल. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हातला काळा ट्रे तिथवर तापू शकतो. आत वाख असला तर मऊ पडतानाही तो आकार बराच धरून ठेवतो. तडकणं थांबेल, अशी खात्री मात्र मी देणार नाही. नीट न चिकटलेल्या वाखापाशीच तडा सुरू होतो.

सोलापुरात माझी सगळी नोकरी सूत तपासण्यात गेली, म्हणून मी आधी धाग्याकडे बघतो. वाख पाणी ओढतो आणि पीएलएचं पाण्याशी जमत नाही. त्यामुळे दोघं एकमेकांना धरत नाहीत. आपल्याकडे सूत रंगवण्याआधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून त्याचं मेण काढतात ना, वाखालाही तसंच काहीसं लागतं. साधारण 5 टक्के कॉस्टिकच्या पाण्यात तो भिजवा, मग कॉस्टिक पुरतं निघेपर्यंत धुवा. हातमोजे आणि चष्मा हवाच. नंतर वाख भट्टीत खडखडीत वाळवा. ओल राहिली तर वितळलेलं पीएलए आतून तुटतं आणि ट्रे आणखी ठिसूळ होतो. वाखाचे तुकडे काही मिलिमीटरचेच ठेवा. वजनाच्या 20 ते 30 टक्के वाख पुरे. पीएलए वितळवून त्यात वाख मिसळणाऱ्या मशीनचं तापमान 200 अंशांच्या आत ठेवा, नाहीतर वाख करपतो आणि माल तपकिरी होतो.

या मिश्रणाची चाचणीची पहिली पट्टी निघाली की मोडून तिची कड भिंगाखाली बघा. वाखाचे केस लांब बाहेर आलेले आणि शेजारी स्वच्छ भोकं दिसली, तर चिकटलेलं नाही. पुन्हा कॉस्टिकपासून सुरुवात. वाख कडेलाच तुटलेला दिसला तर पुढे जा.

माझं ऐकाल तर पहिली चाचणी अंबाडीवर घ्या. घायपाताचा रस अंगाला लागला की खाज सुटते. अंबाडीचे दांडे पाण्यात कुजवून वाख काढणं आपल्या लोकांना जुनं ठाऊक आहे.

आणि वापरलेले ट्रे शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. पीएलए कुजायला 60 अंशांच्या जवळची ऊब आठवडेच्या आठवडे टिकावी लागते, ती मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात मिळते.