वाचक विचारतात : हिवाळी ऑलिम्पिकची ज्योत

प्रश्न : ऑलिम्पिकची ज्योत सूर्यकिरणांनीच पेटवतात म्हणे. मग इटलीतल्या मिलान-कोर्तिना २०२६ हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी ऊन नसताना ती कशी पेटली?

उत्तर : ग्रीसमधल्या ऑलिंपियात हेरा देवीच्या मंदिराच्या अवशेषांसमोर मोठा अंतर्वक्र आरसा ठेवतात. सगळी किरणं जिथे एकवटतात तिथे मशालीचं टोक धरलं की ते पेट घेतं. मात्र ऊन थेट पडायला हवं. ढग आले की प्रकाश विखुरतो आणि आरसा कितीही चांगला असला तरी उपयोग होत नाही. म्हणूनच रंगीत तालमीच्या दिवशी, ऊन असताना, एक ज्योत पेटवून जपून ठेवतात. २६ नोव्हेंबर २०२५ चा ज्योत पेटवण्याचा सोहळा खराब हवामानामुळे तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात हलवावा लागला, तेव्हा ही राखीव ज्योतच वापरली. तीही सूर्यकिरणांनीच पेटवलेली असते, त्यामुळे परंपरेला कुठे बाध येत नाही.

प्रश्न : कडाक्याच्या थंडीत आणि वाऱ्यात मशाल विझत कशी नाही?

उत्तर : विझते, आणि ते धरूनच तयारी केलेली असते. मशालीत तीन गोष्टी महत्त्वाच्या : वायूची छोटी टाकी, दाब नेमका ठेवणारा रेग्युलेटर आणि वरचा बर्नर. थंडीचा पहिला फटका टाकीला बसतो. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप व्हायचाच थांबतो. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत उकळतो. त्यामुळे हिवाळ्यात मिश्रणात प्रोपेनचा भर हवा. त्यात आणखी एक अडचण असते. द्रवाचा वायू होताना टाकीतलीच उष्णता खर्ची पडते, टाकी आणखी गार होते, दाब उतरतो आणि ज्योत बारीक होत जाते.

वाऱ्यावरचा चांगला उपाय म्हणजे दोन ज्योती. आतल्या बर्नरमध्ये वायूत हवा आधीच मिसळलेली असते. ती ज्योत लहान, निळी आणि खूप गरम असते, पण उन्हात जवळजवळ दिसत नाही. बाहेरच्या ज्योतीला हवा कमी मिळते, म्हणून तिच्यात काजळीचे कण तापून पिवळे चमकतात. लोकांना दिसते ती हीच. झोताने बाहेरची विझली तरी आडोशाला असलेली आतली तिला पुन्हा पेटवते. मशालीच्या आकाराचं कौतुक सगळे करतात, पण खरी कसोटी या बर्नरची असते.

प्रश्न : तरीही विझलीच तर लायटरने पेटवली तर काय बिघडतं?

उत्तर : आमच्या मते, बिघडतं. रशियातल्या सोची २०१४ च्या ज्योतयात्रेत (ज्योत स्पर्धेच्या ठिकाणी नेण्याच्या प्रवासात), ऑक्टोबर २०१३ मध्ये, मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये मशाल विझली आणि एका सुरक्षारक्षकाने ती लायटरने पेटवली. त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. ऑलिंपियाहून आलेली मूळ ज्योत बंदिस्त कंदिलांमध्ये सतत सोबत असते. हे कंदील खाणकामगारांच्या दिव्यांच्या धर्तीवरचे असतात. एकाहून अधिक कंदील बाळगतात, म्हणजे एक विझला तरी मूळ ज्योत शाबूत राहते. मशाल पुन्हा पेटवायची ती यातूनच.

प्रश्न : मिलान-कोर्तिनाच्या ज्योतयात्रेचं १२,००० किलोमीटर अंतर धावून कसं कापलं?

उत्तर : सगळं धावून नाही. रोमहून ६ डिसेंबर २०२५ ला निघून ६ फेब्रुवारी २०२६ ला मिलानला पोचणाऱ्या या यात्रेत १०,००१ मशालधारक ठरले होते. प्रत्येकी साधारण २०० मीटर धरले तर बेरीज जेमतेम २,००० किलोमीटर भरते. उरलेल्या वाटेवर ज्योत कंदिलात बसून वाहनाने जाते.

मशालधारकाने वायूची कळ स्वतः उघडायची नसते, ते काम सोबतच्या पथकाचं. पुढच्याची मशाल आधी चालू करतात, मग दोन्हींची तोंडं जवळ आणतात. ज्योत नीट धरेपर्यंत जागचं हलायचं नाही. घाईत मशाल बाजूला घेतली की ती अर्धवट पेटते. मशाल सरळ उभी आणि अंगापासून थोडी पुढे धरावी. मिलान-कोर्तिनाची मशाल वायूशिवाय १,०६० ग्रॅमची होती. हात पूर्ण ताणून वर धरली तर खांदा लगेच भरून येतो, म्हणून कोपर किंचित वाकवलेलं बरं. मिलान-कोर्तिनाची मशाल पुन्हा भरून दहा वेळांपर्यंत वापरता येते, हा बदल आम्हाला फार मोलाचा वाटतो.

प्रश्न : हिवाळी स्पर्धांची ज्योत पहिल्यापासून ऑलिंपियातूनच येते का?

उत्तर : नाही. १९५२ च्या ओस्लो स्पर्धेची ज्योत नॉर्वेतल्या मॉर्गेडाल गावात, आधुनिक स्कीइंगचे प्रवर्तक सोंद्रे नॉरहाइम यांच्या घरातल्या चुलीपाशी पेटवली आणि स्कीपटूंनी ती ओस्लोला नेली. १९५६ ला रोमहून आणि १९६० ला पुन्हा मॉर्गेडालहून ज्योत निघाली. ऑलिंपियाचा पायंडा पडला तो १९६४ च्या इन्सब्रुकपासून.