मी काहीच केलं नाही, तरी अपराधी का वाटतं?

"मॅडम, मी कुणाला हातही लावलेला नाही. तरी रात्री असं वाटतं की यात मीही आहे."

मी समुपदेशक आहे. गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा, २०२३ च्या ऑक्टोबरनंतर गाझातली दृश्यं यायला लागली तेव्हा, आणि त्याहून जास्त वेळा आपल्याच सरकारच्या, आपल्याच लोकांच्या हातून काही घडलं तेव्हा. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या आतबाहेर, हिशेबाच्या कामात मुरलेले गृहस्थ. पहिल्या भेटीत फोन टेबलावर पालथा घातला होता. तो थरथरला की बोलता बोलता त्यांचा अंगठा आपोआप हलायचा. झोप चार तासांवर आली होती. रात्री दोन-अडीचपर्यंत मारहाणीचे, गोळीबाराचे, पडलेल्या घरांचे व्हिडिओ बघत बसायचे. का बघता, असं विचारलं तर म्हणाले, "नाही बघितलं तर पळपुटेपणा वाटतो. ते भोगतायत, मी निदान बघू तरी."

पुष्कळ लोकांच्या मनात हेच असतं. बघणं म्हणजे साक्ष देणं. त्यातला चांगुलपणा मला दिसतो, पण बघून कुणाची वेदना कमी होत नाही आणि बघणाऱ्याची मात्र वाढते. २०१३ साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बाँबस्फोट झाले, त्यानंतर अमेरिकेत एक अभ्यास झाला. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ त्याच्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं जास्त आढळली, अगदी स्फोटाच्या जागी किंवा आसपास असलेल्यांपेक्षाही जास्त. म्हणून आम्ही आधी वेळ बांधली. दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं, वाचायचं. झोपण्यापूर्वी व्हिडिओ बंद.

झोप थोडी सुधारली. अपराधीपणा तसूभरही हलला नाही. "बातम्या बघू नका" एवढं सांगून जे समुपदेशक थांबतात त्यांच्याशी माझं इथेच पटत नाही. माणूस नैतिक प्रश्न घेऊन आलेला असताना त्याला फक्त झोपेचा उपाय देणं म्हणजे त्याचं ऐकलंच नाही असं होतं.

दुसऱ्या भेटीत मी कार्ल यास्पर्सबद्दल सांगितलं. जर्मन तत्त्वज्ञ, तत्त्वज्ञानाकडे वळण्याआधी मनोविकारतज्ज्ञ. बायको ज्यू, म्हणून नाझी राजवटीने १९३७ मध्ये त्यांना प्राध्यापकपदावरून काढलं. युद्ध संपल्यावर, १९४५-४६ च्या हिवाळ्यात, हायडेलबर्गमध्ये त्यांनी आपल्या देशबांधवांपुढे हाच प्रश्न मांडला: दोष कुणाचा? त्यांनी दोषाची चार प्रकारांत फोड केली. कायदा मोडणाऱ्याचा गुन्हा, त्याचा निवाडा कोर्टात होतो. राज्याचा नागरिक म्हणून येणारं राजकीय उत्तरदायित्व, ते कुणालाच चुकत नाही. मी स्वतः जे केलं किंवा करायचं टाळलं त्याचा नैतिक दोष, त्याचा हिशेब ज्याच्या त्याच्या मनाशी. आणि चौथा, सांगायला सगळ्यात अवघड: माझ्यासारखीच माणसं मारली गेली आणि मी मात्र जिवंत आहे, याचीच बोच.

कागदावर चार चौकोन काढून मी तो त्यांच्यापुढे सरकवला. पहिल्यावर त्यांनी लगेच काट मारली. चौथ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे माझं." दुसऱ्या चौकोनापाशी थोडं थांबले. आपल्याकडच्या मारहाणीच्या व्हिडिओंत ज्या सरकारची माणसं मारताना दिसत होती, त्या सरकारला त्यांनी मत दिलं होतं. मी म्हटलं, मत देणं हा गुन्हा नाही. पण तुमच्या मताने आणि तुमच्या करावर चालणारी सत्ता लाठी उचलते तेव्हा तिला जाब विचारायचा पहिला अधिकार तुमचा, आणि कामही तुमचंच. विरोधकांनी विचारलं तर ते ठरलेलंच समजलं जातं.

तिसरा चौकोन मात्र रिकामाच राहिला. नजर त्यावरून सरळ पुढे जात होती. मी काही बोलले नाही.

तिसऱ्या भेटीत त्यांनी आपणहून फोन उघडला. ऑफिसमधल्या लोकांचा ग्रुप. काही महिन्यांपूर्वी कुणीतरी चाळीस-एक सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता. गणवेशातली चार माणसं एकाला खाली पाडून मारतायत, तो हात जोडतोय. खाली प्रतिक्रियांची रांग. त्या रांगेत यांची हसण्याची इमोजी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारी. आणि त्याखाली करड्या अक्षरांत एक ओळ: अमुक जण ग्रुपमधून बाहेर पडले. मार खाणारा ज्या समाजाचा, त्याच समाजाचा यांचा सहकारी. अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर.

"सगळ्यांनीच टाकली होती," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "मला त्यात हसू आलंही नव्हतं."

जगभरच्या हिंसेचं ओझं ते छातीवर घेऊन बसले होते, कारण त्या ढिगाखाली ही एक छोटी गोष्ट झाकली जात होती. हे ढोंग नव्हे. मन असंच करतं. आवाक्याबाहेरच्या अपराधासाठी कुणी आपल्याकडे कृती मागत नाही, आवाक्यातला अपराध मागतो. आणि "आपण सगळेच दोषी" या वाक्यात, ज्याने प्रत्यक्ष लाठी चालवली आणि ज्याने हुकूम दिला तेही आरामात लपतात, म्हणून मला ते वाक्य खटकतं.

"एका इमोजीने काय होतं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिल्ग्रम यांचे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचे येल विद्यापीठातले प्रयोग सांगितले. समोरच्याला विजेचे झटके द्यायला सांगायचं. झटके खोटे, पण देणाऱ्याला ते ठाऊक नाही. मूळ मांडणीत ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. या प्रयोगांवर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्त आहे. पण त्यातल्या दुसऱ्या एका मांडणीत शेजारी बसलेल्या दोघांनी मध्येच "आम्ही नाही करणार" म्हटलं, तेव्हा ४० पैकी चौघेच शेवटापर्यंत गेले. नकार एकाने दिला की दुसऱ्याला सुचतो. संमतीचंही तसंच. लाठी उचलणारा हात रस्त्यावर असतो, पण त्याला बळ कुठल्या तरी हसणाऱ्या ग्रुपमधून मिळत असतं.

पुढचे दोन आठवडे आम्ही एकाच गोष्टीवर काम केलं: सहकाऱ्याशी काय बोलायचं. पहिल्या मसुद्यात "तुला वाईट वाटलं असेल तर" असं होतं. ते खोडलं. "माझा तसा हेतू नव्हता" हेही खोडलं. उरलं ते असं: "त्या व्हिडिओवर मी हसलो. ते चूक होतं. तू गेल्यावरही मी गप्प राहिलो."

समोरच्याने माफ केलं नाही. तो म्हणाला, "त्या दिवशी मी बराच वेळ स्क्रीन बघत होतो. वाटलं, निदान तू तरी काहीतरी लिहिशील."

हे मला सांगताना ते रडले. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

त्यानंतर त्यांनी ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. तिघांनी टोमणे मारले. एकाने खासगीत कळवलं की मलाही तेव्हाच खटकलं होतं. त्या मारहाणीची चौकशी व्हावी म्हणून त्यांनी स्वतःच्या नावाने आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र पाठवलं आणि त्यात "मी आपला मतदार आहे" ही ओळ आठवणीने घातली.

झोप अजून आठवड्यातून एक-दोनदा मोडते. शेजारच्या टेबलावरचा माणूस कामापुरतं बोलतो. पत्राला उत्तर आलेलं नाही, आणि गेल्या भेटीत त्यांनी स्मरणपत्राचा मसुदा वाचायला आणला होता.