गोव्यात राहायला चांगला, शांत एरिया कोणता? पर्वरी, ताळगाव, म्हापसा की फोंडा?

तुम्ही लिहिलंय की नवरा-बायको आणि तुमची आई असे तिघं पुण्याहून येताय, ऑफिस पणजीत, फ्लॅट भाड्याने घ्यायचाय, आणि एरिया ‘शांत, गेटेड, चांगल्या लोकांचा’ हवा. हे वाचून माझं डोकंच फिरलं, म्हणून रात्रीची भांडी तशीच ठेवून लिहायला बसले. अगदी ह्याच शब्दांत माझे मोठे दीर दरवर्षी सोसायटीच्या जीबीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, भाषण करतात. ते आमच्या कॉम्प्लेक्सचे सेक्रेटरी आहेत. आम्ही ए विंग, ते बी विंग, आणि मधल्या पार्किंगमध्ये आमचं जे काही आहे ते सगळ्या सोसायटीला माहीत आहे.

आधी शांततेचं बोलते. गोव्यात एखादी वस्ती फार शांत असेल तर तिथे लोकच राहत नाहीत असं धरून चाला. 2011च्या जनगणनेत गोव्यात पाचातलं एक तरी घर रिकामं निघालं होतं, आणि त्यानंतर काय धडाक्याने बांधलंय ते डोळ्यांनी दिसतंच. आसगाव-शिवोलीकडे फिरून बघा, उंच भिंत, आत स्विमिंग पूल, पुढे कॅमेरा, आणि कुलूप. डिसेंबरात आठ-दहा दिवस दिवे लागतात, तेव्हा मात्र रात्री दहानंतरही स्पीकर चालू असतो कारण मालकाने विकेंडला पार्टीवाल्यांना दिलेलं असतं. बाकी वर्षभर शांत. अशा शांततेत तुमच्या आई दिवसभर कोणाशी बोलणार, वॉचमनशी?

आता आमचं सांगते. पर्वरीत सुकूरच्या बाजूला आमचं कॉम्प्लेक्स, नाव काही सांगत नाही. मागच्या बाजूला उतार, काजूची झाडं, आणि खाली एक जुना वाडा (गोव्यात वाडा म्हणजे गावातली वस्ती), तिथे विहीर, चॅपेल, एक पोसरो, म्हणजे छोटं दुकान. बिल्डरने मागच्या कंपाउंडला थोडी फट सोडली होती कारण पायवाट आधीपासूनची, वाड्यातली माणसं त्याच वाटेने वर हायवेला बसला यायची. त्या फटीतून सकाळ-संध्याकाळ पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल ढकलत यायचा, हॉर्न पोंय पोंय करत. माझ्या सासूबाईंना शुगर, त्या पोईशिवाय, म्हणजे कोंड्याच्या पावाशिवाय, दुसरा पाव खात नाहीत. त्या पिशवी घेऊन खाली जायच्या ती त्यांची एकुलती एक रोजची फेरी. पोई घ्यायला दोन मिनिटं आणि गप्पांना अर्धा तास. मग पार्किंगमधून कोणाच्या तरी मुलाची सायकल गेली, आणि दिरांनी कमिटीत ठराव करून ती फट चिरे लावून बुजवून टाकली. सायकल नंतर बी विंगच्या जिन्याखाली सापडली, पण भिंत तोवर प्लास्टर होऊन रंगवूनसुद्धा झालेली.

पोदेर मग पुढच्या गेटला आला तर सिक्युरिटी म्हणे आत सोडायला परवानगी नाही. त्यातच ग्रुपवर बाहेरगावच्या एका फ्लॅटवाल्याने लिहिलं की सकाळी हॉर्नने झोपमोड होते. हा माणूस वर्षातून दोनदा येतो. पण मेंटेनन्स वेळेवर भरतो ना, म्हणजे दिरांच्या हिशेबात ‘चांगले लोक’. नुस्तेंकान्नीचंही, म्हणजे मासेवालीचंही, तेच झालं, वास येतो म्हणून गेटवरून परत. सासूबाई चार दिवस काही बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी दिरांकडे जेवायला बोलावलं होतं तर गेल्या नाहीत, म्हणाल्या, तुमच्याकडे येण्यासाठी आधी रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागेल.

मग तिळारीचा कालवा फुटला. बार्देशात, म्हणजे पर्वरी-म्हापशाच्या तालुक्यात, राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको, तुम्हाला सांगते. आमचं नळाचं पाणी असनोड्याच्या प्लांटचं, त्याला तिळारीचा आधार, आणि तिळारीचं धरण आहे दोडामार्गात, महाराष्ट्रात. तिकडे कालव्याला भगदाड पडलं किंवा दुरुस्तीसाठी कालवा बंद केला की इकडे पर्वरीत बोंब. टँकर मागवला, वरची टाकी भरली, आणि सकाळी उठून बघतो तर टाकी रिकामी. एका बंद फ्लॅटमधला फ्लश गळत होता, रात्रभर सगळं पाणी त्या वाटेने गेलं. मालक दिल्लीत, चावी केअरटेकरकडे, केअरटेकर त्याच्या गावी. दिरांचं म्हणणं, दार फोडता येणार नाही, कायदेशीर बाब आहे. बरोबर असेल. पण आंघोळ कशाने करायची?

मी आणि ए विंगच्या तळमजल्यावरच्या कॅथलिक टीचर, आम्ही दोघी स्कूटरवर कॅन लावून वाड्यात गेलो. मागून उतरलं असतं तर दोन मिनिटं, पण आता भिंत, म्हणून हायवेला वळसा घालून, त्या फ्लायओव्हरच्या धुळीतून, पलीकडच्या उतरणीने. विहिरीवर एक म्हातारी धुणं धूत होती. आम्हाला बघून म्हणते, ‘वंयेवयल्यान कित्याक येवंक ना गो?’ भिंतीवरून का नाही आलात! पाणी दिलं हो, एका शब्दाने नाही म्हटलं नाही. पण प्रत्येक कळशीमागे आम्हाला भिंतीचा हिशेब ऐकवला, कोणाच्या मुलाला शाळेची बस पकडायला किती लांब पडतं, तिच्या सुनेला बाळंतपणाच्या वेळी रिक्षापर्यंत कसं चालवत नेलं, पंचायतीत अर्ज दिला त्याचं काय झालं, आणि आमच्या सेक्रेटरीच्या सात पिढ्या. टीचर माझ्याकडे बघत होत्या, हसावं की काय करावं. माझेच दीर आहेत हे मी काही सांगितलं नाही, पण मला वाटतं तिला माहीत होतं.

पुढच्या जीबीएमला मी उभी राहिले की मागच्या भिंतीत छोटं लोखंडी दार करा. झालं, दिरांचं सुरू. आज पोदेर, उद्या भिकारी, परवा चोर, मग रिसेल व्हॅल्यू. बंगळूरवाले, दिल्लीवाले व्हिडिओ कॉलवर, त्यांना भिंत कुठली तेच माहीत नाही, पण सिक्युरिटी म्हटलं की मान हलवतात. मी म्हटलं, भाऊजी, इथे सायकल चोरीला गेली नाही पण पाणी चोरीला गेलं, तेही आतल्याच फ्लॅटमधून, त्याचं काय ते बोला. माझे हे माझा पदर ओढत होते, बस खाली. मग टीचर उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या की त्या दर रविवारी मागच्या फटीतून चॅपेलला जायच्या, आता गुडघे दुखतात म्हणून जाणं बंद झालंय, आणि मेंटेनन्स त्यासुद्धा भरतात. त्यानंतर बरेच हात वर गेले. दार झालं. पण दिरांनी अट घातली, चावी सेक्रेटरीकडे आणि दार उघडं सकाळी सात ते संध्याकाळी सात. पोदेर येतो सहाला! आता ह्यावर पुढची लढाई चालू आहे, ती सांगत बसले तर पहाट होईल.

आणि मी काही वाड्याची आरती ओवाळणारी बाई नाही. माझं माहेर डिचोलीकडचं. तिथे शेजार इतका की चतुर्थीला माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला, काय बांधलंय ते बघायला अख्खा वाडा घरात, आणि कॉलेजात असताना कोणत्या बसमधून कोणाबरोबर उतरले ते माझ्या आधी घरी पोचलेलं. नको वाटायचं. पण माझं माहेर राहायला वाईट ठिकाण होतं ते लोकांमुळे नाही. दारावरून दिवसभर खनिजाचे ट्रक, तुळशीचं पानसुद्धा लाल, कपडे घरात वाळत घालायचे, वडिलांचा खोकला वर्षभर. 2012मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या वाड्यात निम्मी घरं रडली कारण ट्रक त्यांचेच, आणि निम्म्या घरांनी पहिल्यांदा खिडक्या उघडल्या. तेव्हा माणसं चांगली म्हणजे एरिया चांगला हेही खरं नाही. हवा, पाणी, गटार, बस हे आधी. माणसं कशी आहेत ते त्यानंतर कळतंच.

तुम्ही विचारलेल्या एरियांचं थोडक्यात. पर्वरी पणजीला पुलापलीकडे म्हणून सगळे धावतात, 2019मध्ये मांडवीवरचा अटल सेतू झाल्यावर तर जास्तच, पण मग हायवेवर फ्लायओव्हरचं काम निघालं, त्यात खाप्रेश्वर देवाचा जुना वडसुद्धा गेला, आणि पाण्याचं वर सांगितलंच. ताळगाव ऑफिसला सोयीचं, बांबोळीचं जीएमसी हॉस्पिटल जवळ, आईंसाठी मोठी गोष्ट आहे. पण शेतं भरून बांधलेल्या बिल्डिंगा आहेत, पावसात खालच्या पार्किंगची अवस्था स्वतः बघा. पणजीत मळा, फोंतेन्यश हे जुने भाग दिसायला सुंदर, मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली की मळ्यात रस्त्यावर पाणी. पणजीला ओपाच्या प्लांटचं पाणी, ते सहसा बरं असतं, तरी 2019च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ पाइपलाइन फुटली तेव्हा तिसवाडीत, म्हणजे पणजीच्या तालुक्यात, कित्येक दिवस नळ कोरडे होते, त्यामुळे कोणीच फार मिजास करू नये. म्हापसा गजबजलेलं, शुक्रवारी बाजाराच्या दिवशी गाडी काढायची नाही, पण सगळं पायी मिळतं आणि पणजीला शटल बस. फोंडा मला स्वतःला आवडतं, देवळं, भजनं, नाटकं, आणि मराठी पेपर वाचणारी घरं. तुमच्या आईंना तिथे करमेल, पण पणजी तीसेक किलोमीटर, रोजची ये-जा तुम्हाला करायचीय.

घर बघायला जुलैत जा. नोव्हेंबर-डिसेंबरात गोव्यात सगळंच चांगलं दिसतं. आणि संध्याकाळी आठला, मधल्या वारी, खाली उभं राहून किती खिडक्यांत दिवे आहेत ते बघा. निम्म्याहून जास्त काळोख असेल तर वरची टाकी, लिफ्ट, कचरा ह्यावर पैसे आणि डोकं खर्च करणारे तुम्ही मोजकेच असणार. ब्रोकरला पाण्याचं विचारू नका, चोवीस तास म्हणणार. खालच्या इस्त्रीवाल्याला किंवा पोसऱ्यावर विचारा की टँकर कधी कधी येतो. शेवटची बस किती वाजता ते बसस्टॉपवर विचारा, खूप ठिकाणी खासगी बसेस अंधार पडला की संपतात आणि मग पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, नाहीतर स्वतःची गाडी. आईंना गाडी येत नाही ना? मग पाव, दूध, औषधं पायी मिळतात का ते त्यांनाच चालायला लावून बघा, तुम्ही चालून उपयोग नाही. वळणावर कचऱ्याचा ढीग असेल तर पंचायतीची गाडी येत नाही असं नाही, गाडीच्या वेळी घरी कोणी नसतं असंही असतं. आणि गेटवर पोदेराला आत सोडतात का ते विचाराच. हसू नका. सोडत नसतील तर तुमच्या आईंकडे येणाऱ्या बाईलाही उद्या तासभर उभं करतील.

आता हेही सांगायला हवं की गेटेडचं सगळंच वाईट नाही. लिफ्टला बॅकअप असतो, पावसात वीज जाते तेव्हा सासूबाईंना चार मजले चढावे लागत नाहीत, ते दिरांनीच भांडून करून घेतलं, हे मी नाकारत नाही. रात्री उशिरा मुलगी क्लासवरून येते तेव्हा गेटवर माणूस असतो त्याचंही बरं वाटतं. वाड्यात भाड्याने घर घेतलंत तर संध्याकाळी पाला जाळल्याचा धूर, फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) आणि जत्रेचा लाउडस्पीकर, कोंबडे, आणि तुमच्याकडे कोण आलं ह्याची चौकशी, हे सगळं भाड्यातच आलं. काहींना जमत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. तुम्ही वर्षभरच राहून परत जाणार असाल तर ताळगाव घ्या आणि मोकळे व्हा, माझं हे सगळं लांबलचक वाचायची गरजच नव्हती.

पण आई येणार असतील कायमच्या, तर पर्वरीत बघताना आमच्याही कॉम्प्लेक्समध्ये दोन फ्लॅट भाड्याने आहेत, मेसेज करा, चहाला या. सकाळी सातनंतर मागच्या दाराने आलात तर बरं, पुढच्या गेटला नाव, गाव, मोबाईल, कोणाकडे, कशासाठी हे सगळं लिहावं लागतं. दिरांनी नवीन रजिस्टर आणलंय.