सव्वाअकराचा फोन

वाचकांचे प्रश्न : दिव्यांग मूल, शाळा आणि घर
(उत्तरं देणाऱ्या ताईंनी नागपुरात 31 वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काम केलं आहे.)

प्रश्न : ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत. त्याला ऑटिझम आहे. मेडिकल कॉलेजमधून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, 60 टक्के. बोलणं दहा-बारा शब्दांपुरतं. पहिली-दुसरी बरी गेली, तेव्हाच्या बाई समजून घ्यायच्या. यंदा बाई बदलल्या, वर्गही बदलला. पोळ्यानंतर तो मुलांना मारून राहिला, स्वतःचा हात चावून राहिला. रोज सव्वाअकराच्या सुमारास शाळेतून फोन येतो, ‘घेऊन जा’. मी घरी ब्लाऊज शिवते, मशीन तशीच टाकून धावते. घरी आला की गुपचूप वरण-भात खातो, जसं काही झालंच नाही. मागच्या आठवड्यात कळलं, मी पोचेपर्यंत त्याला खेळाच्या सामानाच्या खोलीत ठेवतात, बाहेरून कडी लावून. त्याच्या नखांत दाराचा हिरवा रंग होता. मुख्याध्यापिका म्हणतात, ‘तुम्हीच दाखला काढून घ्या, बाकीच्या पालकांचा दबाव आहे.’ नवरा बुटीबोरीला कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी. सासूबाई म्हणतात, घरीच ठेव. माझ्याच्यानं आता होत नाही. काय करू?
— एक आई, मानेवाडा

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा नखांतल्या त्या हिरव्या रंगापाशी थांबले. आधी ती कडी निघाली पाहिजे. बाकीचं मग बोलू.

शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा आहे. त्याच्या कलम 17 नं शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी केली आहे. बोलता न येणाऱ्या आठ वर्षांच्या लेकराला खोलीत कोंडणं हा छळच आहे, मग शाळा त्याला ‘शांत करणं’ म्हणो की आणखी काही. शांत जागा वेगळी असते. तिथे मूल आपल्या पायानं जातं, दार उघडं असतं, एक मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात बसलेलं असतं आणि मुलाला वाटेल तेव्हा बाहेर येता येतं. दाराला आतून नखं लागत असतील, तर ती शांत जागा नव्हे.

उद्याच दोन ओळींचं पत्र द्या. तोंडी बोलू नका आणि चिडूनही लिहू नका. ‘दिनांक अमुक रोजी माझ्या मुलास खोलीत बाहेरून कडी लावून ठेवल्याचे मला समजले. असे यापुढे होणार नाही, हे मला लेखी कळवावे.’ बस्स. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का-सही घेऊन पोच घ्या. घ्यायला नाही म्हणाले, तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. तोंडी तक्रार संध्याकाळपर्यंत विरून जाते, हे मी शाळेच्या आतून पाहिलेलं आहे.

आता दाखल्याचं. ‘तुम्हीच काढून घ्या’ यातला ‘तुम्हीच’ नीट ऐका. दाखल्याचा अर्ज पालकाच्या सहीचा असतो आणि रजिस्टरमध्ये ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं कारण पडतं. शाळेनं मुलाला घालवलं, हे मग कुठल्याच कागदावर दिसत नाही. याच कायद्याच्या कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणूनच तर सही तुमची मागतात. ती देऊ नका. दुसरी चांगली शाळा मिळाली आणि तुम्हाला मनापासून तिथे न्यावंसं वाटलं, तर गोष्ट वेगळी. पण तो निर्णय तुमचा असावा, फोनाला कंटाळून घेतलेला नसावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा, 19 एप्रिल 2017 पासून लागू. त्याचं कलम 16 मान्यताप्राप्त शाळांना सांगतं, की दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्या आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोयी करा. कलम 31 प्रमाणे 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 या वयात जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. तुमच्याकडे 60 टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे. त्याची झेरॉक्स पत्राला जोडा. काही शाळा आईनं दिवसभर वर्गात बसावं किंवा स्वतःच्या पैशानं मदतनीस ठेवावा, अशी अट घालतात. अशा अटीला मला कायद्यात आधार दिसत नाही. तुम्हाला तसं सांगितलं, तर तेही लेखी मागा.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लांबवते आहे ते. तुमच्याच पत्रात एक गोष्ट आहे, ती तुमच्या लक्षात आली का बघा. तो मारतो, फोन येतो, आई येते, तो घरी जातो आणि वरण-भात खातो. हे रोज, एकाच वेळी. त्याच्याकडे शब्द दहा-बारा, त्यात ‘मला इथून जायचंय’ हे वाक्य नाही. मग एक दिवस त्यानं हात उगारला आणि शाळेनं त्याला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशीही पाठवलं. आता त्याला पक्कं ठाऊक आहे, की हे वाक्य असं बोलायचं असतं. शाळा समजते, आपण शिक्षा करतोय. त्याला मात्र हवं ते मिळतंय. हा त्याचा दुष्टपणा नाही आणि तुमच्या वळणाचा दोषही नाही. सासूबाईंनाही हे असंच समजावून सांगा. घरी ठेवलं, तर त्याच्या हिशेबानं मारणं कायमचं फळलं.

म्हणून खरा प्रश्न हा, की सव्वाअकराला त्या वर्गात असं काय होतं, की त्याला तिथून पळावंसं वाटतं?

2007 साली माझ्याकडे एक मुलगा होता, नऊ वर्षांचा. रोज साडेबाराच्या आगेमागे तो मनगट चावायचा, रक्त येईपर्यंत. सगळे त्याला हट्टी म्हणायचे. एकदा मी स्वतः त्याचे दोन्ही हात बाकावर दाबून धरले होते. त्याच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उमटले, ते मला अजून दिसतात. त्यानंतर मी बारा दिवस एका वहीत लिहून ठेवलं : किती वाजले, आधी काय झालं, त्यानं काय केलं, लगेच नंतर काय झालं. आठव्या दिवशी ध्यानात आलं. साडेबाराला खिचडीचं मोठं गंज स्वयंपाकाच्या शेडमधून व्हरांड्यात फरशीवरून ओढत आणायचे. तो खरखराट आमच्या कानाला सवयीचा झालेला, त्याच्या कानात मात्र सुरीसारखा शिरत असणार. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी गंजाखाली गोणपाट घालायला सुरुवात केली. चावणं एकदम थांबलं नाही, पण रोजचं होतं ते आठवड्यातून एक-दोनदावर आलं. पावसात गोणपाट भिजलं आणि कुणी घालायला विसरलं, की त्या दिवशी पुन्हा.

तुम्ही लिहिता, पोळ्यानंतर वाढलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, मग गणपती. महिनाभर आपल्या नागपुरात ढोल-ताशांचा सराव चालतो. शाळेजवळ एखादं पथक आहे का? पावसामुळे मधली सुट्टी मैदानाऐवजी व्हरांड्यात होते का? सव्वाअकराला गणित असतं की रांगा लावतात? की त्याच वेळी कुणी त्याच्या शेजारी येऊन बसतं? मला इथे बसून हे कळणार नाही, पण बाईंनी दोन आठवडे वही ठेवली तर त्यांना कळेल. वही तुम्हीच विकत घेऊन द्या, चार रकाने आखून. शिकवण्याच्या गडबडीत चार शब्द लिहिले तरी पुरतात.

वही चालू असतानाच त्याला ते वाक्य द्या. पुठ्ठ्याचं, तळहाताएवढं कार्ड करा. त्याच्यावर शाळेच्या व्हरांड्याचाच फोटो चिकटवा, चित्र नको, फोटो. कार्ड बाईंच्या हातात दिलं, की पाच मिनिटं व्हरांड्यात, मावशींच्या नजरेसमोर, आणि मग परत वर्गात. सुरुवातीला तो वीस वेळा देईल. वीसही वेळा पाळा. कार्डानं बाहेर जाता येतं याची खात्री पटली, की हात उगारण्याची गरज कमी होते. घरीही तेच कार्ड वापरा. आणि बाईंना सांगा, आल्या आल्या दिवसाचा क्रम चार चित्रांनी फळ्याच्या कोपऱ्यात लावा : प्रार्थना, मराठी, डबा, गणित. पुढे काय येणार हे कळलं, की अशा मुलांचा निम्मा धसका जातो.

एक गोष्ट मात्र याच्याही आधी करा. ज्याला सांगता येत नाही, त्याची दाढ किडली आहे का, कान वाहतो का, पोट साफ होतं का, रात्री झोप लागते का, हे डॉक्टरांना दाखवून घ्या. अचानक वाढलेल्या मारण्यामागे साधी दाढ निघालेली मी पाहिली आहे. मध्येच टक लावून थांबतो, हाक मारली तरी कळत नाही, असं होत असेल तर तेही सांगा. ऑटिझम असलेल्या मुलांत फिट्सचं प्रमाण जास्त असतं. गोळी द्यायची की नाही, हे डॉक्टर आणि तुम्ही ठरवाल, शाळा नाही.

शाळेनं ऐकलं नाही, तर शिक्षणाधिकारी कार्यालयात जा आणि तिथे ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा. ते शाळेत येऊन मूल पाहू शकतात. त्यानंतर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त आणि महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. तोवर रोज ‘लवकर नेलं’ याची तारीख-वेळ तुमच्या कॅलेंडरवर लिहीत जा. आणि पुढच्या वेळी फोन आला, की शांतपणे विचारा, ‘मॅडम, आज का नेऊ, ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवता का?’ हा प्रश्न विचारल्यावर फोन कमी झाल्याचं मला बऱ्याच आयांनी सांगितलं आहे.

प्रश्न : मी तिसरीची शिक्षिका आहे. वर्गात 47 मुलं. त्यात एक मतिमंद मुलगी चिडली की पाट्या, डबे, काय हाती येईल ते फेकते. परवा एका मुलाच्या कपाळाला लागलं. पालक माझ्यावर येतात. मला तिचा राग येत नाही, पण मी दमले आहे. आम्हाला कुणी शिकवलंच नाही हे.
— एक शिक्षिका, हिंगणा रोड

उत्तर : तुमचं दमणं खरं आहे. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक धरलेला आहे, तुमच्याकडे 47. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये दिव्यांग मुलांसाठी प्राथमिकला 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. तो शिक्षक तुमच्या शाळेपर्यंत पोचला नाही, ही तुमची चूक नाही. मुख्याध्यापकांकडे विशेष शिक्षकाची मागणी लेखी करा. पालकाच्या पत्रासोबत शिक्षिकेचं पत्रही गेलं, की वजन वाढतं. आणि लिहिताना ‘मतिमंद’ ऐवजी ‘बौद्धिक दिव्यांग’ लिहा. कायद्यातला शब्द आता तो आहे, आणि तिच्या आईच्या कानालाही तो कमी बोचतो.

फेकाफेक सुरू झाली, की तिला ओढत बाहेर नेऊ नका. बाकीच्या मुलांना बाहेर न्या. ‘चला, सगळे व्हरांड्यात, पाढे म्हणू,’ हे रोज न चिडता सराव करून ठेवा, म्हणजे त्या वेळी 46 मुलं अर्ध्या मिनिटात निघतील. तुम्ही दारापाशी थांबा, कमी बोला. ‘का गं असं केलंस?’ हा प्रश्न त्या क्षणी तिच्यापर्यंत पोचतच नाही. तिला पालथं पाडून दाबून धरायचं नाही, कितीही घाई असली तरी. त्यात श्वास कोंडतो. शांत झाली की पाणी द्या आणि सांडलेलं दोघींनी मिळून आवरा. स्टीलचे डबे तिच्या हाताच्या टप्प्यातून काढून दाराजवळच्या फडताळात ठेवले, तर निम्मं कपाळ वाचेल.

दुसऱ्या मुलांच्या आई-वडिलांना तिचं निदान सांगू नका, तो तिचा खाजगी भाग आहे. ‘काय झालं, आम्ही काय करतोय आणि तुमच्या मुलाला लागू नये म्हणून काय बदललं,’ एवढं खरं खरं सांगा. कपाळाला लागलेल्या मुलाच्या घरी मात्र स्वतः जाऊन या.

प्रश्न : मुलाला एडीएचडी (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) आहे. शाळा म्हणते दिव्यांग प्रमाणपत्र आणा, नाहीतर काही करता येणार नाही. मिळेल का?
— एक वडील, नंदनवन

उत्तर : 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. सोबत वाचन-लेखनाची अक्षमता असेल, तर त्या नावाखाली तपासणी होऊ शकते. आधी ती करून घ्या. पण मारू नका, कोंडू नका, काढू नका, हे शिक्षण हक्क कायद्यातले नियम प्रत्येक मुलाला लागू आहेत, त्याला प्रमाणपत्र लागत नाही. पुढच्या बाकावर बसवणं, दर वीस मिनिटांनी खडू आणायला किंवा हजेरीपट पोचवायला उठवणं, गृहपाठ तुकड्यांत देणं, यासाठीही कुठला कागद लागत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून हे तिन्ही अर्जात मागा, आणि पोच घ्या.